मास्क लावून सराव

(दृश्य: सरावाची जागा. घामाघूम खेळाडू. एकाच्या तोंडावर सर्जिकल मास्क.)

सगळे धापा टाकतायत. हा एकटा मास्कमधून श्वास घेतोय. साल २०१६. कोरोना यायला अजून चार वर्षं आहेत, त्यामुळे खेळाडूच्या तोंडावरचा मास्क बघायची कुणालाच सवय नाही.

हा जेम्स कॉनर. वय वीस. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा रनिंग बॅक. हा आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे. इथे चेंडू छातीशी घट्ट धरायचा आणि अंगावर येणाऱ्या शंभर-सव्वाशे किलोच्या माणसांमधून वाट काढत पळायचं. कॉनर त्यात पटाईत. २०१४ च्या हंगामात तो १,७६५ यार्ड धावला, २६ वेळा चेंडू घेऊन अंतिम रेषेपलीकडे गेला आणि आपला संघ विद्यापीठांच्या ज्या गटात खेळतो, त्या गटातला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

(दृश्य: मैदानावर आडवा पडलेला खेळाडू. त्याच्याभोवती संघाचे डॉक्टर.)

पुढच्या हंगामाचा पहिलाच सामना आणि गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. गुडघा हळूहळू बरा होत होता, पण बाकीचं शरीर साथ देईना. रात्री दरदरून घाम यायचा. थकवा हटत नव्हता. चेहरा सुजायला लागला. तपासण्या झाल्या आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये निदान झालं: हॉजकिन लिंफोमा, लसिका ग्रंथींचा कर्करोग. गाठी छातीत होत्या, हृदयाच्या आसपास.

(दृश्य: ४ डिसेंबर २०१५. पत्रकार परिषद.)

इथे तो आधी कबूल करतो की कर्करोग आहे हे ऐकल्यावर त्याला भीती वाटली. मग सांगतो की घाबरायचं की नाही हे आपलं आपण ठरवतो, आणि त्याने न घाबरायचं ठरवलंय. मथळे झाले ते या दुसऱ्या वाक्याचे. आम्हाला पहिलं वाक्यही तितकंच मोलाचं वाटतं. आजारी पोराला 'पॉझिटिव्ह राहा' म्हणणारे पुष्कळ भेटतात. 'भीती वाटते' हे त्याला मोकळेपणाने बोलू देणारे फार थोडे.

(दृश्य: केमोचा वॉर्ड. लाल औषधाची सिरिंज. सलाईनच्या स्टँडवर झाकलेली पिशवी.)

हॉजकिन लिंफोमावर अनेक वर्षं चार औषधांचा एक संच वापरात आहे. औषधांच्या आद्याक्षरांवरून त्याला एबीव्हीडी म्हणतात. इटलीत मिलानमध्ये जियान्नी बोनाडोना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात तो तयार केला. पहिलं औषध लालभडक, दिल्यानंतर लघवीसुद्धा लालसर होते. ते हृदयाला इजा करू शकतं, म्हणून सुरुवातीलाच इको काढून घेतात. दुसरं फुप्फुसांना धोक्याचं. तिसऱ्याने बोटांना मुंग्या येतात, बोटं बधिर होतात. चौथं उजेडाने खराब होतं, म्हणून त्याची पिशवी अशी झाकून टांगलेली दिसते. दर दोन आठवड्यांनी एकदा, दर वेळी काही तास.

हृदय, फुप्फुसं, बोटं. चेंडू धरून पळणाऱ्या माणसाची सगळी मिळकत हीच, आणि ज्या औषधाने जीव वाचायचा त्याचा धोकाही नेमका तिथेच. खेळाडूला केमो जड का जाते, हे समजण्यासाठी आधी हा वॉर्ड दाखवावा असं आम्हाला वाटलं.

कॉनरला असे बारा डोस घ्यायचे होते. डिसेंबर ते मे.

(दृश्य: पुन्हा सरावाची जागा. मास्क लावलेला कॉनर वजनं उचलतोय.)

आणि या सगळ्या महिन्यांत तो सरावाला येत राहिला. सहकाऱ्यांबरोबर, त्याच वेळेला. केमोनंतर रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात आणि साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो. अशा रुग्णाचा ताप ३८ अंश सेल्सिअसवर (१००.४ फॅरनहाइट) गेला, तर मध्यरात्र असली तरी दवाखाना गाठावा लागतो. तो मास्क या धोक्यासाठी होता.

संघाचा मोठेपणा आम्हाला इथे दिसतो. आजारी खेळाडूच्या बाबतीत बहुतेक संघ मायेपोटीच एक चूक करतात. 'तू आराम कर, बरा होऊन ये,' म्हणतात, आणि दुसऱ्या दिवसापासून सरावाचं वेळापत्रक त्याला पाठवणं बंद होतं. कॉलेजात खेळणाऱ्या मुलाचा अख्खा दिवस शिट्टीवर बांधलेला असतो. कधी उठायचं, कधी धावायचं, कधी जेवायचं, सगळं ठरलेलं. ते काढून घेतलं की त्याच्याजवळ उरते फक्त केमोची तारीख. कॉनरकडे केमोची तारीख होती, तशी उद्याच्या सरावाची वेळही होती. मन खंबीर ठेवणं म्हणतात ते त्याच्या बाबतीत तरी असं घडलं. ठरल्या वेळी बूट घालून हजर राहणं.

मन आनंदी ठेवल्याने गाठ विरघळत नाही, हेही इथेच सांगायला हवं. डोकं आणि मानेच्या कर्करोगाच्या १,०९३ रुग्णांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. मनःस्थिती चांगली असण्याचा आणि जास्त जगण्याचा संबंध त्यात आढळला नाही. म्हणून एखाद्याची तब्येत ढासळली, तर 'त्याने मन घट्ट ठेवलं नाही' असं कृपा करून कुणी म्हणू नये. हालचालीचं मात्र वेगळं आहे. आठवड्यातून तीनदा, अर्धा-अर्धा तास, झेपेल असा व्यायाम केला तर उपचारांतला थकवा आणि चिंता कमी होते, असं अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये नमूद केलं. अर्थात डॉक्टरांना विचारूनच.

(दृश्य: इमारतीचं प्रवेशद्वार.)

कॉनर जिथे सराव करायचा त्याच इमारतीत पिट्सबर्ग स्टीलर्स हा व्यावसायिक संघही सराव करतो. २०१७ मध्ये त्याच संघाने कॉनरला निवडलं.

(दृश्य: जुनी चित्रफीत. हायवेवर एका पायाने धावणारा तरुण.)

असं बरं होऊन मैदानावर परतणं सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. कॅनडाचा टेरी फॉक्स विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात खेळायचा. हाडाच्या कर्करोगात उजवा पाय गेला. १९८० मध्ये कृत्रिम पायावर तो १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला. कर्करोग फुप्फुसांत परतला आणि पुढच्या वर्षी, बाविसाव्या वर्षी, तो गेला.

(दृश्य: रुग्णालयाचा कॉरिडॉर. कॅलेंडर.)

मे २०१६. कॉनरचा बारावा डोस ९ तारखेला झाला. २३ तारखेला कळलं की शरीरात कर्करोग उरलेला नाही. पुढची काही वर्षं तपासण्या सुरू राहतात, त्या त्यालाही चुकल्या नाहीत.

(दृश्य: ३ सप्टेंबर २०१६. भरलेलं स्टेडियम. बोगद्यातून बाहेर येणारा संघ.)

समोर व्हिलानोव्हाचा संघ. पिट्सबर्ग हा सामना २८-७ असा जिंकणार आहे. पण आत्ता खेळ सुरू व्हायचाय. कॉनर बोगद्याच्या तोंडाशी उभा आहे. आज तोंडावर मास्क नाही.

(निवेदन थांबते. फक्त मैदानाचा आवाज.)