सांध्यावरची पट्टी (माहितीपटाचे निवेदन)

वडोदऱ्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या या शेडमध्ये सकाळी टेम्पोतून उष्णता अडवणाऱ्या ग्लासवूलच्या पिवळ्या बोर्डांची चळत उतरते आहे. दोन माणसे ती सहज उचलतात, कारण एका घनमीटर घन काचेचे वजन सुमारे अडीच हजार किलो भरते, तर त्याच काचेच्या तंतूंपासून बनलेला हा बोर्ड घनमीटरला ४८ किलोचा आहे. म्हणजे आत काच जेमतेम दोन टक्के आणि बाकी सगळी हवा. उष्णता अडवण्याचे काम ही कोंडलेली हवा करते. तिला हलू न देणे एवढेच तंतूंकडे असते. अंगठ्याने दाबल्यावर बोर्ड किंचित दबतो आणि लगेच पूर्ववत होतो. त्याचा पिवळेपणा काचेचा नसून तंतूंना एकमेकांशी बांधणाऱ्या फिनॉलिक रेझिनचा आहे.

काचेचे असे तंतू १९३२ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात जवळजवळ अपघातानेच हाती लागले. काचेच्या विटा एकमेकींना जोडण्याचा प्रयोग चालू असताना वितळलेल्या काचेवर दाबाच्या हवेचा झोत गेला आणि तिचे बारीक तंतू उडाले. आज वाळू, सोडा ॲश आणि फुटक्या काचेचा चुरा सुमारे १,४०० अंश सेल्सिअसला वितळवून तो रस कडेला हजारो छिद्रे असलेल्या, वेगाने फिरणाऱ्या चकतीत सोडतात. जत्रेत म्हातारीचे केस काढणारे यंत्र ज्याने पाहिले आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. तंतूंवर रेझिन फवारले जाते, त्यांची गादी ओव्हनमध्ये दाबून पक्की केली जाते आणि तिचे बोर्ड कापले जातात.

इथे पावडर कोटिंगची भट्टी उभी राहते आहे. पत्र्यावर फवारलेली पावडर १८० ते २०० अंशांना वितळून घट्ट बसते, आणि बर्नरपासून भट्टीपर्यंत ती गरम हवा नेणारा हा चौकोनी डक्ट आज मढवायचा आहे. हिशेब केला तर २०० अंशांवरचा काळवंडलेला उघडा पोलादी पत्रा दर चौरस मीटरला अडीच हजार वॅटपेक्षा अधिक उष्णता शेडमध्ये सोडतो. घरातल्या दोन-अडीच इस्त्र्या अखंड चालू ठेवाव्यात, तसे ते आहे. त्याच पत्र्यावर ७५ मिलीमीटर जाडीचे इन्सुलेशन, म्हणजे या बोर्डांचे आवरण, नीट बसले, तर हा आकडा शंभराच्या आसपास येतो. यातला ‘नीट’ हा शब्द निविदेत क्वचितच सापडतो.

कामावरचे मुकादम दांडियाबाजारातले आहेत आणि त्यांना सगळे काका म्हणतात. डक्टवर सुमारे फूटभर अंतराने बोर्ड अडकवायच्या पिना वेल्ड करून झाल्या आहेत. चिकटवायच्या पिना एवढ्या उष्णतेत सुटून पडतील. आता पाहा, काका लांब करवती सुरीने बोर्ड कापतात तो मापापेक्षा दोन-तीन मिलीमीटर जास्त, म्हणजे शेजारच्या बोर्डाशी तो दाबूनच बसतो. आधी ५० मिलीमीटरचा थर लागतो आणि त्यावर २५ मिलीमीटरचा. वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही. गवंडी विटांच्या कामात ज्याला सांधमोड म्हणतात, तीच ही. पिनेवर वॉशर बसवून तिचे टोक वाकवले जाते. वॉशर जोरात दाबला तर बोर्ड तिथे चेपतो आणि जाडी कमी होते, म्हणून काकांचा हात तिथे हलका पडतो.

“काका, पत्रा आणू का?”

“थांब रे दादा, आधी तो बेंड भरू दे.”

सरळ लांबीचे काम अर्ध्या दिवसात उरकते, पण हा बेंड, म्हणजे डक्टचे वळण, मात्र दुपार खातो. प्रत्येक तुकडा पाचरीसारखा कापायचा, बसवून पाहायचा, काढायचा, पुन्हा तासायचा. राहिलेल्या फटीत काका सुटे ग्लासवूल बोटांनी भरतात, पण ठासत नाहीत. या कामाचे पैसे चौरस मीटरवर मिळतात आणि बेंडाला एवढा वेळ लागूनही त्याचे क्षेत्रफळ तेवढेच भरते. दर असा ठरवणाऱ्याने एक दुपार या मचाणावर काढावी, असे आम्हाला चित्रण करताना वाटत राहिले.

(इथे सुरीचा आणि पत्र्याचा आवाज; निवेदन नाही.)

शेवटी ॲल्युमिनियमचा पत्रा चढतो. कौलांप्रमाणे वरचा पत्रा खालच्यावर येतो आणि सांध्याचे तोंड खाली राहते, म्हणजे शेडबाहेरच्या भागात पावसाचे पाणी आत शिरत नाही. पाणी शिरले तर इन्सुलेशन निकामी होते, आतला डक्ट गंजतो आणि इंधनाचे बिल चढते. हे तंतू ॲस्बेस्टॉस नव्हेत, आणि २००१ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने इन्सुलेशनच्या ग्लासवूलचे वर्गीकरण त्याहून पुष्कळ सौम्य गटात केले. तरी अंगाला खाज सुटते आणि घशात खवखवते, म्हणून मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यातच.

संध्याकाळी बर्नर पेटतो. पहिल्या तापण्यात डक्टलगतचे रेझिन थोडे जळते, त्याचा उग्र वास शेडभर पसरतो आणि मोठी दारे उघडली जातात. दोन तासांनी काका तापमापक घेऊन डक्टच्या कडेने चालू लागतात. सरळ भागावर ५२, पुढे ५३, पुन्हा ५२. बेंडापाशी ते थबकतात, तापमापक काढून पुन्हा टेकवतात. ७१. खिशातला खडू काढून ते पत्र्यावर एक फुली मारतात आणि खाली उभ्या असलेल्या मुलाकडून पेचकस मागून घेतात.