खाट नेमकी कधी रिकामी होते?

श्रोतेहो, नमस्कार. पुण्यातल्या एखाद्या मोठ्या रुग्णालयात केसपेपरसाठी लागलेली रांग पाहिली, की आणखी एक खिडकी उघडावी असे कुणालाही वाटते. पण खिडकी वाढवली, तर तीच गर्दी रक्ततपासणीपाशी किंवा औषधांच्या काउंटरवर तुंबण्याचा संभव असतो. म्हणून प्रत्यक्ष बदल करण्याआधी संगणकावर रुग्णालयाचे प्रारूप चालवून पाहतात, त्याला सिम्युलेशन म्हणतात.

रांगेचे गणित मोठे फसवे असते. रुग्ण वेळ न ठरवता येत असतील, तपासणीला कधी कमी तर कधी जास्त वेळ लागत असेल आणि डॉक्टर एकच असतील, तर त्यांचा ८० टक्के वेळ व्यापला असताना रुग्णाला सरासरी चार तपासण्यांइतके थांबावे लागते. ९० टक्क्यांना नऊ आणि ९५ टक्क्यांना तब्बल एकोणीस.

रुग्ण, खाटा आणि रांगा यांचा घटनाक्रम मांडणारी पद्धत येथे उत्तम चालते. सकाळच्या राउंडला डॉक्टर घरी जाण्याची परवानगी देतात. त्यानंतर डिस्चार्ज कार्ड, उरलेली औषधे परत करणे, बिल, विमा कंपनीची मंजुरी असे करता करता संध्याकाळ होते आणि तोवर अपघात विभागातला रुग्ण स्ट्रेचरवरच असतो. दोष अपघात विभागाचा नसून वरच्या मजल्यावरच्या कागदांचा आहे, हे प्रारूप स्पष्ट दाखवते.

मात्र पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण किती येतील, हे या पद्धतीला बाहेरूनच सांगावे लागते. त्यासाठी प्रत्येक रहिवाशाचे वागणे स्वतंत्रपणे मांडणारे प्रारूप जोडावे लागते. शिवाय प्रतीक्षा कमी झाली, की इतरत्र जाणारे रुग्णही इकडे वळतात आणि रांग पुन्हा वाढते. हे चक्र टिपण्यासाठी १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात प्राध्यापक जे फॉरेस्टर यांनी विकसित केलेली सिस्टिम डायनॅमिक्स ही पद्धत वापरतात.

तिन्ही पद्धती एकत्र आणल्या, की चित्र पूर्ण होते, असे मानण्याची घाई मात्र नको. एक प्रारूप काळ दिवसांत मोजते, दुसरे मिनिटांत. हा सांधा चुकला, तर आकडे देखणे पण निरुपयोगी ठरतात. माझ्या मते एका वॉर्डापासून आरंभ करावा. डिस्चार्जची परवानगी केव्हा मिळाली आणि खाट प्रत्यक्षात केव्हा रिकामी झाली, या दोन वेळा तेथील सिस्टरांनी महिनाभर नोंदवल्या, तरी पहिले प्रारूप उभे करता येते.