त्रोवसला राहिलेला झगा

श्रोतेहो, नमस्कार.

कैदेतला एक वृद्ध माणूस पत्र लिहितोय. पत्र संपत आलंय आणि हिवाळा तोंडावर आलाय. मुलासारख्या एका तरुण सहकाऱ्याला तो कळवतो, की येताना त्रोवस शहरात कार्पाकडे राहिलेला माझा झगा घेऊन ये. पुस्तकंही आण, आणि चर्मपत्रं तर आठवणीनं आण.

हा वृद्ध म्हणजे येशूचा संदेश गावोगाव नेणारा प्रेषित पौल आणि तो तरुण तीमथ्य. पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, पौलानं तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या चौथ्या अध्यायातलं हे १३ वं वचन. झगा म्हणजे काही उंची वस्त्र नव्हे. जाड कापडाचा, मधल्या भोकातून डोकं घालून अंगावर सोडायचा, प्रवासात थंडीपावसाला उपयोगी पडणारा. मृत्यू समोर दिसतोय, 'मी धाव संपवली आहे' असं याच पानावर लिहून झालंय, आणि तरी हा माणूस आपला जुना झगा मागतो. मला हे वचन फार जवळचं वाटतं. देवाकडे लागलेलं मन थंडी विसरत नाही. देवानं दिलेल्या शरीराला ऊब लागते, हे ते लाज न बाळगता सांगतं.

हे आधी सांगायचं कारण असं, की संसारापेक्षा आत्मिक जीवन मोठं, असं कुणी म्हणालं की ऐकणारा थोडा धास्तावतो. आता घरदार, मुलंबाळं, कामधंदा सगळं वाईट ठरवणार की काय? तसं नाही. सृष्टी निर्माण करून देवानं पाहिलं आणि ती फार चांगली आहे असं म्हटलं, हे पवित्र शास्त्राच्या पहिल्याच अध्यायात आहे.

मग अडचण कुठे आहे? ती त्या झग्याच्या तीनच वचनं आधी आहे. पौल लिहितो, देमास मला सोडून गेला, कारण त्याला ऐहिक सुख प्रिय वाटलं. तो थेस्सलनीकाला गेला.

देमासाबद्दल आपल्याला फार थोडं कळतं, पण जे कळतं ते चटका लावणारं आहे. पौलानं कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्रात त्याचं नाव वैद्य लूकाच्या शेजारी येतं. फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रात पौल त्याला 'सहकारी' म्हणतो. आणि ही दोन्ही पत्रंसुद्धा कैदेतूनच लिहिलेली आहेत. म्हणजे पौलाच्या हातात बेड्या असताना देमास एकदा त्याच्यासोबत राहिला होता. तो भित्रा होता किंवा ढोंगी होता असं म्हणून आपल्याला सुटता येत नाही. त्यानं प्रभूला उघड नाकारलं असंही पौल लिहीत नाही. त्यानं चोरी केली, खोटी शिकवण दिली, यातलं काहीच नाही. एवढंच, की त्याला काहीतरी प्रिय झालं.

या 'प्रिय' शब्दापाशी जरा थांबू या. आठव्या वचनात पौल म्हणतो, नीतिमत्त्वाचा मुकुट माझ्यासाठी ठेवला आहे, आणि ज्यांना प्रभूचं प्रकट होणं प्रिय झालं आहे त्या सर्वांसाठीही. लगेच दहाव्या वचनात देमासाला प्रिय झालेलं ऐहिक सुख. मूळ ग्रीक भाषेत दोन्हीकडे क्रियापद एकच आहे. आणि ज्याला आपण ऐहिक सुख म्हणतो, तिथे मूळ शब्दांचा अर्थ 'आत्ताचं युग' असा आहे. म्हणजे एकाचं प्रेम येणाऱ्या प्रभूवर आणि दुसऱ्याचं सरत्या काळावर. देमासाच्या मनातलं प्रेम आटलं नव्हतं. त्यानं फक्त कूस बदलली होती.

थेस्सलनीका मोठं शहर होतं. मासेदोनियाची राजधानी, बंदर, रोमकडे जाणारा मोठा रस्ता तिथूनच. तिथे त्याला काय बोलावत होतं, व्यापार, नातेवाईक की नुसती सुखाची झोप, हे लिहिलेलं नाही, आणि ते बरंच झालं. त्या मोकळ्या जागेत आपण प्रत्येकजण आपापलं थेस्सलनीका ठेवू शकतो.

माझं कुठलं होतं, ते सांगतो. वडील गेल्यावर घराच्या वाटणीवरून माझ्यात आणि माझ्या भावात अबोला धरला गेला. त्या घराची किल्ली माझ्याकडे होती. जुनी, जड, लोखंडी. ती मी सतत खिशात ठेवायचो. रात्री प्रार्थनेला गुडघे टेकले की ती मांडीला टोचायची, मग मी ती जरा सरकवायचो आणि प्रभूच्या प्रार्थनेतली क्षमेची ओळ पुढे म्हणायचो, 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे.' कित्येक महिने हे असंच चाललं. किल्ली टोचायची, शब्द मात्र टोचायचे नाहीत. एके रात्री दोन्ही एकदम टोचले आणि पुढचा शब्द तोंडातून फुटेना. तेव्हा कळलं, मला त्या भिंतींचा मोह नव्हताच. माझंच बरोबर आहे, हे मला प्रिय झालं होतं.

भावाकडे गेलो आणि किल्ली टेबलावर ठेवली. तो काही बोलला नाही, मीही नाही. बराच वेळ आम्ही तसेच बसून राहिलो. न्यायाचा हक्क प्रत्येकानं सोडून द्यावा, असं माझं मुळीच म्हणणं नाही. कुणाकुणाला हक्कासाठी उभंच राहावं लागतं. मी फक्त माझ्या खिशातल्या किल्लीबद्दल बोलतोय.

आसक्ती अशीच असते. ती क्वचितच आपल्या खऱ्या नावानं येते. कधी ती जबाबदारी म्हणून येते, कधी कष्टाचं फळ म्हणून, कधी मुलांचं भविष्य म्हणून, आणि यातली एकही गोष्ट खोटी नसते. म्हणूनच ओळखणं अवघड. मार्काच्या शुभवर्तमानात तो धनवान माणूस येशूपुढे धावत येऊन गुडघे टेकतो. येशू त्याच्याकडे पाहतो आणि त्याच्यावर प्रीती करतो, मग त्याला सर्व विकून टाकायला सांगतो. तो माणूस रागानं जात नाही, वादही घालत नाही. खिन्न होऊन निघून जातो. मालमत्ता सगळी त्याचीच राहिली होती, मग खिन्न का व्हावं? कारण आपण कोणाला पाठ दाखवून निघालोय, हे त्याच्या जिवाला कळलं होतं.

आता पुन्हा त्या पत्राकडे. अकराव्या वचनात पौल म्हणतो, लूक मात्र माझ्याजवळ आहे. आणि येताना मार्काला आण, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. हाच तो मार्क, जो पूर्वी पंफुल्या प्रांतात पौलाला अर्ध्यावर सोडून परतला होता. पुढे त्याला सोबत न्यायचं की नाही यावरून पौल आणि त्याचा प्रवासातला सोबती बर्णबा यांच्यात इतकं बिनसलं की दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. त्याच मार्काची पौल आता कैदेत वाट पाहतोय. देमास गेल्याचं दुःख आणि मार्काची ओढ, दोन्ही एका दमात लिहिलंय. एकदा पाठ फिरवलेल्या माणसाचं काय होऊ शकतं, हे पौलाला ठाऊक होतं.

देमास पुढे परतला का? पवित्र शास्त्रात त्याचं नाव पुन्हा येत नाही. हिवाळ्याआधी ये, असं विनवलेला तीमथ्य झगा घेऊन वेळेत पोहोचला का, तेही लिहिलेलं नाही.

आज रात्री सवड झाली तर फिलेमोनाला लिहिलेलं पत्र काढा. अवघ्या २५ वचनांचं आहे. २४ व्या वचनात चार सहकाऱ्यांची नावं एका ओळीत आहेत: मार्क, अरिस्तार्ख, देमास, लूक. ती एकदा मोठ्यानं वाचा. देमासाचं नाव आलं की जरा थांबा, आणि त्याच्यासारखं कुणी तुमच्या ओळखीचं असेल, तर त्याचं नाव प्रभूपुढे घ्या.

प्रभू तुमच्याबरोबर असो. नमस्कार.