झटक्याच्या आधीचे तीन आठवडे

(दादरमध्ये ज्येष्ठ नागरिकांपुढे झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. आत येताना एका आजोबांनी मला विचारलं, "डॉक्टर, शुद्धीवर असलेल्या, चालत्याबोलत्या माणसालाही शॉक देतात?" हृदयाचा बिघडलेला ताल जागेवर आणायला विजेचा शॉक देतात, पण आधी भूल देऊन. आणि बहुतेक वेळा तो माणूस त्याच संध्याकाळी घरी जाऊन वरणभात जेवतो. पण एवढ्यावर विषय संपत नाही. झटका ही या उपचारातली सगळ्यात सोपी गोष्ट आहे. अवघड भाग तुमच्या घरात असतो, गोळ्यांच्या डब्यात.

आधी आजार समजून घेऊ. हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात ठोक्यांचा ताल ठरवणारी पेशींची एक गाठ असते. ॲट्रियल फिब्रिलेशनमध्ये, ज्याला आम्ही एएफ म्हणतो, तिचं कोणी ऐकत नाही. वरच्या कप्प्यांत मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे विद्युतलहरी उठतात. ढोलपथकातला प्रत्येक वादक आपलाच ठेका धरून बसला तर जो कल्लोळ होईल, तो तिथे चालू असतो. कप्पे आकुंचन पावतच नाहीत, नुसते थरथरतात. यातल्या काहीच लहरी खालच्या कप्प्यांपर्यंत पोचतात, त्याही वेड्यावाकड्या. म्हणून नाडी कशीही पडते. कोणाला धडधडतं, कोणाला स्टेशनचा जिना चढताना दम लागतो. कोणाला काहीच कळत नाही, दुसऱ्याच कशासाठी ईसीजी काढला जातो आणि त्यात हे सापडतं.

धडधडीपेक्षा मला भीती वाटते ती गुठळीची. डाव्या वरच्या कप्प्याला एक छोटी पिशवी असते. कप्पा थरथरत राहिला की तिथलं रक्त साचतं, गोठतं. ती गुठळी सुटून मेंदूत गेली की पक्षाघात. एएफमध्ये हा धोका साधारण पाचपट होतो. आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. लहानपणी संधिवाताचा ताप येऊन हृदयाची झडप अरुंद झालेली बरीच माणसं आहेत, त्यात बायका जास्त. त्यांना एएफ झाला तर गुठळीचा धोका फारच वाढतो. आणि त्यांच्यासाठी रक्त पातळ ठेवणाऱ्या नव्या गोळ्या चालत नाहीत, जुनी वॉरफेरिनच द्यावी लागते.

आता विचार करा. कप्प्यात गुठळी आहे आणि आपण झटका देऊन ताल जागेवर आणला. कप्पा पुन्हा आकुंचन पावायला लागला की तीच गुठळी बाहेर ढकलली जाणार. म्हणून एएफ सुरू होऊन ४८ तास उलटले असतील, किंवा कधी सुरू झाला हेच माहीत नसेल, तर आधी किमान तीन आठवडे रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, एकही न चुकवता. युरोपातल्या नव्या सूचनांनी तर ही मर्यादा २४ तासांवर आणली आहे. वॉरफेरिन घेणाऱ्यांचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीतला आकडा, त्या काळात सलग दोन ते तीनच्या मध्ये राहायला हवा.

लालबागहून एक काकू यायच्या. झटक्याची तारीख ठरली, मुलानं रजा टाकली, काकू उपाशीपोटी हजर. मी नेहमीप्रमाणे गोळ्यांची पाकिटं मागितली आणि मोजली, तर दोन गोळ्या जास्त उरल्या होत्या. "अहो, एकादशी होती ना," काकू म्हणाल्या. त्यांच्या गोळीचा असर एका दिवसात ओसरतो. मी त्या दिवशी झटका दिला नाही. मुलगा चिडला, आणि त्याचं चिडणं मला समजत होतं, मुंबईत रजा मिळणं सोपं नाही. घाई असेल तेव्हा अन्ननलिकेतून इको करून गुठळी नाही याची खात्री करता येते. काकूंच्या बाबतीत घाई नव्हती. त्या नव्यानं तीन आठवडे गोळ्या घेऊन आल्या. उपासाला औषध चालतं, हे तुम्ही घरोघरी सांगा, माझी हात जोडून विनंती आहे.

प्रत्यक्ष झटका असा असतो. छातीवर एक पॅड, पाठीवर एक. शिरेतून काही मिनिटांची भूल. मशिनवर 'सिंक'चं बटण दाबलं की पडद्यावर प्रत्येक ठोक्याच्या उंच टोकावर खूण उमटते. ती खूण मी प्रत्येक वेळी बोट ठेवून तपासते. ठोक्यानंतर हृदय पूर्वपदावर येत असताना, त्या नाजूक क्षणी झटका बसला तर खालचे कप्पेच थरथरायला लागतील, आणि ते जिवावर बेततं. हृदयरोगतज्ज्ञ बर्नार्ड लाऊन यांनी १९६२ साली अमेरिकेत ठोक्याशी वेळ जुळवून थेट विद्युतप्रवाहाचा झटका देण्याची ही रीत मांडली. आजही आपण तीच वापरतो. सगळे बाजूला झाले की बटण दाबून धरायचं. मशीन योग्य ठोक्याची वाट पाहतं, मग दीडशे-दोनशे ज्यूलचा झटका. अंग एकदा दचकतं. पडद्यावर क्षणभर सरळ रेष, आणि मग प्रत्येक ठोक्याआधी, वरचे कप्पे तालात आल्याची खूण असलेला छोटा उंचवटा परत दिसतो.

दहातल्या नऊ जणांचा ताल तिथेच जागेवर येतो. पण वर्षभरात साधारण निम्म्या लोकांना एएफ पुन्हा होतो, हे मी आधीच सांगते, म्हणजे नंतर फसवल्यासारखं वाटत नाही. आणि सगळ्यांना झटका लागतोही असं नाही. २०१९ साली नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात नुकताच एएफ सुरू झालेल्या, प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णांना फक्त ठोके मंदावणारं औषध देऊन वाट पाहिली, तर दहातल्या जवळपास सात जणांचा ताल ४८ तासांत आपोआप जागेवर आला. मात्र रक्तदाब कोसळला, छातीत दुखतंय, फुप्फुसात पाणी भरलंय, अशा वेळी कोणी थांबत नाही, झटका ताबडतोब देतात.

शेवटी, मागच्या रांगेतून आलेला प्रश्न. "ठोके नीट झाले, ईसीजी चांगला आला, मग गोळी बंद करू का?" नाही. ताल परतला तरी वरचे कप्पे काही आठवडे सुस्तच असतात, गुठळी तेव्हाही होऊ शकते. म्हणून झटक्यानंतर निदान चार आठवडे गोळी प्रत्येकाला. त्यापुढे ती चालू ठेवायची की नाही हे ईसीजीवरून ठरत नाही. वय, रक्तदाब, मधुमेह, आधी झालेला पक्षाघात, हृदयाची ताकद यांवरून ठरतं. या सभागृहातल्या बऱ्याच जणांच्या वयाला ती कायमचीच लागेल. २००२ साली अमेरिका आणि कॅनडातल्या चार हजारांवर रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांना पक्षाघात झाला, त्यांतल्या बहुतेकांची रक्त पातळ ठेवणारी गोळी बंद झालेली होती, किंवा आयएनआर दोनच्या खाली गेलेला होता.