द्रवस्फटिकांना दिशा कोण देतं?

मित्रहो, एलसीडी पडद्याच्या दोन काचांमध्ये जेमतेम 3 ते 5 मायक्रॉनची फट असते. त्या फटीत द्रवस्फटिक, म्हणजे वाहणारा पण रेणू एका दिशेला लागलेले असा द्रव, भरलेला असतो आणि दोन्ही काचांच्या आतल्या अंगाला पॉलिइमाइड या लांब साखळ्यांच्या प्लास्टिकचा साधारण 100 नॅनोमीटर जाडीचा थर. या थराला टेकलेले रेणू ज्या दिशेला आडवे होतात, त्याच दिशेला पुढचे हजारो रेणू होतात. विरार लोकलच्या गर्दीत शेजारचा जसा उभा तसंच आपल्याला उभं राहावं लागतं ना, तसं.

पण पहिल्या रेणूला दिशा कुठून मिळते? थर मखमलीने एकाच दिशेला घासला की मिळते, हे खरं. कारण विचारलं की बहुतेक जण म्हणतात, घासल्याने बारीक चर पडतात आणि रेणू त्यांत निजतात. 1972 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ बेरेमन यांनी या चरांचा हिशोबही मांडला. चर पडतात, थोडी मदतही करतात. पण पॉलिस्टायरीन घासून बघा. चर घासण्याच्या दिशेलाच पडतात, द्रवस्फटिक मात्र त्यांना काटकोनात बसतो! कारण पॉलिस्टायरीनच्या साखळीला बेंझिनची वलयं बाजूला लटकलेली असतात. घासल्यावर साखळी ताणली जाते, वलयं साखळीला आडवी होतात आणि रेणू वलयांचं ऐकतो. पॉलिइमाइडमध्ये वलयं साखळीतच ओवलेली, म्हणून तिथे रेणू घासण्याच्या दिशेने बसतो. पृष्ठभागाजवळच्या साखळ्या खरोखरच घासण्याच्या दिशेने वळतात, हे 1995 मध्ये क्ष-किरणांनी दिसलं.

एकदा हे पटलं की बाकीचं रसायनशास्त्राच्या हाती येतं. साखळीला अल्किल शेपट्या जोडल्या की रेणू पृष्ठभागापासून थोडा उचलला जातो. हा उचललेला कोन, म्हणजे प्री-टिल्ट, एलसीडीच्या प्रकारागणिक बदलतो: टीएन पडद्यात काही अंशांचा लागतो, आयपीएसमध्ये शून्याजवळ बरा आणि व्हीए पडद्यात जवळपास 90 अंश. टीएनमध्ये तो नसेल तर व्होल्टेज दिल्यावर काही रेणू डावीकडून उठतात, काही उजवीकडून. दोन्ही गट भेटतात तिथे वेड्यावाकड्या रेषा उमटतात.

कॉलेजात करून बघायचं असेल तर पॉलिइमाइड हवंच असं नाही. पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) घ्या. पाण्यात 1 टक्का द्रावण 80–90 अंश सेल्सिअसवर ढवळत विरघळवा, गाळा, काचेवर टाकून काच 3000 आरपीएमवर 30 सेकंद फिरवा, 100 अंशांवर सुकवा. मग मखमलीने एकाच दिशेला घासा. मागेपुढे नाही. जोर लावलात तर थर खरवडला जातो आणि त्याची धूळ फटीत अडकते. दोन काचा घासण्याच्या उलट दिशांनी समोरासमोर ठेवा, मध्ये फट राखणारे 5 मायक्रॉनचे स्पेसर. हा झाला सेल. त्यात 5सीबी हा द्रवस्फटिक 40 अंशांवर भरा आणि हळूहळू थंड होऊ द्या. घाई केली तर वाहण्याच्या दिशेचे पट्टे राहून जातात.

5सीबी साधारण 35 अंशांवर साधा द्रव होतो, हे मुंबईच्या मे महिन्यात विसरून चालत नाही. पंख्याखालच्या खोलीत, सूक्ष्मदर्शकाच्या दिव्यावर सेल एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या दोन पोलरायझरमध्ये (एकाच दिशेचा प्रकाश जाऊ देणाऱ्या पट्ट्यांमध्ये) कसाही फिरवला तरी काळाच दिसला, तर थराला शिव्या घालण्याआधी तापमान बघा. नीट बसलेला सेल पूर्ण फेरीत चार वेळा काळा होतो, मधे उजळतो.

पॉलिइमाइडच वापरणार असाल तर पावसाळ्याला जपा. बाटलीत असतं पॉलिअमिक आम्लाचं द्रावण (भाजल्यावर त्याचंच पॉलिइमाइड होतं), फ्रीझरमध्ये ठेवलेलं. ती थंड असतानाच उघडली तर जुलैच्या हवेतली वाफ आत धरते. पाण्याने साखळ्या तुटतात, लेप पांढरट, ठिपकेदार येतो. बाटली बंद ठेवूनच खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडा. लेप दिल्यावर 80 अंशांवर द्रावक उडवा, नंतर साधारण 200 अंशांवर तासभर भाजा. कमी भाजलं तर काही आम्ल तसंच राहतं आणि साखळीतली इमाइडची वलयं जुळून पूर्ण होत नाहीत. दिशा सुरुवातीला बरी वाटते, पण सेल व्होल्टेज धरून ठेवत नाही आणि आधीच्या चित्राची सावली रेंगाळत राहते.