वाचकांनी जपलेल्या एलिझाबेथ गॅस्केल

इंग्लंडच्या चेशायर परगण्यात नट्सफर्ड नावाचे जुने बाजारपेठेचे गाव आहे. तिथल्या किंग स्ट्रीटवर रिचर्ड हार्डिंग वॉट या हातमोज्यांच्या व्यापाऱ्याने 1907 मध्ये बांधलेला दगडी मनोरा आजही उभा आहे आणि त्यावर एका लेखिकेच्या पुस्तकांची नावे कोरलेली आहेत. ती लेखिका म्हणजे एलिझाबेथ गॅस्केल. मात्र नाव दगडात कोरले गेले म्हणून पुस्तके वाचली जातातच असे नाही. मनोरा बांधल्यानंतरच्या काही दशकांत ‘क्रॅनफर्ड’ ही त्यांची एक छोटी, खेळकर कादंबरी तेवढी घरोघरी राहिली आणि बाकीचे लेखन हळूहळू मागे पडले. 1934 मध्ये डेव्हिड सेसिल या नामवंत समीक्षकाने शार्लट ब्राँटे आणि जॉर्ज एलियट या त्यांच्या समकालीन कादंबरीकार स्त्रियांना गरुडाची उपमा दिली आणि गॅस्केलबाईंच्या वाट्याला कबुतराची आली. हा निवाडा अन्यायाचा होता आणि तो बदलायला पुढे बराच काळ जावा लागला. तो बदलण्यात प्राध्यापकांइतकाच साध्या वाचकांचाही हात होता. हा लेख त्या वाचकांविषयी आणि त्यांनी 1985 मध्ये नट्सफर्डमध्ये स्थापन केलेल्या गॅस्केल सोसायटीविषयी आहे.

एलिझाबेथ स्टीव्हन्सन यांचा जन्म 29 सप्टेंबर 1810 रोजी लंडनमधल्या चेल्सी भागात झाला. त्या तेरा महिन्यांच्या असताना आई गेली आणि हॅना लंब या मावशीने त्यांना नट्सफर्डला आणून लहानाचे मोठे केले. थोरला भाऊ जॉन बोटीवर नोकरीला होता. 1828 च्या सुमारास हिंदुस्थानच्या सफरीवर निघालेला हा भाऊ बेपत्ता झाला आणि त्याचे पुढे काय झाले ते कधीच कळले नाही. ‘क्रॅनफर्ड’मध्ये वर्षानुवर्षे परागंदा असलेला पीटर अखेरीस हिंदुस्थानातून आपल्या म्हाताऱ्या बहिणीकडे परत येतो, ते प्रकरण वाचताना ही हकीकत ठाऊक असणाऱ्याला मजकुराच्या मागे काय दडले आहे ते समजते.

1832 मध्ये त्यांचे लग्न मँचेस्टरच्या क्रॉस स्ट्रीट चॅपलमधले युनिटेरियन (म्हणजे त्रैक्याऐवजी एकच देव मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे) धर्मोपदेशक विल्यम गॅस्केल यांच्याशी झाले आणि गावातली मुलगी गिरण्यांच्या धुरात आली. 1845 मध्ये त्यांचा तान्हा मुलगा ‘स्कार्लेट फीवर’ या सांसर्गिक तापाने दगावला. दुःखातून मन बाहेर पडावे म्हणून पतीच्या सांगण्यावरून त्यांनी मोठे लेखन हाती घेतले आणि 1848 मध्ये ‘मेरी बार्टन’ ही गिरणी कामगारांची कादंबरी लेखिकेच्या नावाशिवाय प्रसिद्ध झाली. मँचेस्टरचे गिरणीमालक चिडले. पुढे ‘रूथ’ या कादंबरीत त्यांनी कुमारी मातेची कथा सहानुभूतीने सांगितली, तेव्हा तर पतीच्याच चॅपलमध्ये येणाऱ्या दोघांनी ते पुस्तक जाळले. अशा बाईला कबुतर म्हणणाऱ्याने तिची किती पुस्तके नीट वाचली असतील, असा प्रश्न पडल्याशिवाय राहत नाही.

सोसायटी स्थापन झाली तेव्हा गॅस्केलबाईंच्या जन्माला 175 वर्षे पूर्ण होत होती. नट्सफर्डच्या जोन लीच या संस्थापक, आणि पुढे दीर्घकाळ त्यांनीच सचिवपद सांभाळले. आपल्याकडच्या वाङ्मय मंडळांचा कारभार ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना या सोसायटीच्या कामाचे स्वरूप लगेच ओळखीचे वाटेल. वार्तापत्र काढायचे, व्याख्याने ठरवायची, एकेक कादंबरी हाती घेऊन मिळून वाचायची, लेखिकेशी संबंधित गावांना सहली काढायच्या आणि दर दोन वर्षांनी एखाद्या निवासी संमेलनात अभ्यासक व हौशी वाचक यांना एकत्र आणायचे, असा हा क्रम आहे. 1987 पासून सोसायटीचे संशोधनपर वार्षिक नियतकालिक निघते. विद्यापीठात शिकवणारे आणि केवळ आवडीने वाचणारे लोक इथे एकाच पुस्तकावर बोलतात, आणि माझ्या मते सोसायटीचे खरे बळ यातच आहे. जॉन चॅपल यांच्यासारखे संशोधक सोसायटीचे अध्यक्ष होते. गॅस्केलबाईंच्या पत्रांचा 1966 चा मोठा संग्रह त्यांनी आर्थर पोलार्ड यांच्यासह संपादित केला होता.

या पत्रांविषयी थोडे थांबून सांगायला हवे. आपले चरित्र कोणी लिहू नये अशी गॅस्केलबाईंची इच्छा होती. स्वतः शार्लट ब्राँटे यांचे चरित्र लिहून त्यांनी 1857 मध्ये बदनामीच्या खटल्याच्या धमक्या, जाहीर माफी आणि मजकुरातली काटछाट हे सारे सोसले होते. वाचून झाल्यावर पत्रे जाळून टाकावीत असे त्या मुलींना बजावत, आणि मुलींनी आईचा शब्द बऱ्याच अंशी पाळला. तरीही ज्यांना ती पत्रे गेली त्यांच्या घरांतून, संग्रहांतून ती पुढे येत राहिली आणि 2000 मध्ये त्यांचा आणखी एक खंड निघाला. त्यांत घरातली शिवणटिपण, स्वयंपाकीण, मुलींची आजारपणे, प्रकाशकाशी पैशांची बोलणी आणि अपुरी राहिलेली प्रकरणे हे सारे एका दमात येते.

मँचेस्टरच्या प्लिमथ ग्रोव्हवरचे 84 क्रमांकाचे घर त्या पत्रांतूनच आपल्या परिचयाचे होते. गॅस्केल कुटुंब इथे 1850 मध्ये राहायला आले. वर्षाला 150 पौंड भाडे आपण भरतो आहोत आणि शहरात लोक उपाशी आहेत, ही टोचणी एलिझाबेथ यांनी पत्रात लिहून ठेवली आहे. घरामागे त्यांनी गाय, डुकरे आणि कोंबड्या पाळल्या होत्या. पतीला स्वतंत्र अभ्यासिका होती, त्यांना नव्हती. त्या जेवणाच्या खोलीत खिडकीजवळच्या टेबलावर लिहीत. त्या खोलीला अनेक दारे असल्यामुळे मुली, नोकर आणि पाहुणे सतत ये-जा करत, आणि त्यातूनच ‘नॉर्थ अँड साउथ’ या कादंबरीची प्रकरणे कादंबरीकार चार्ल्स डिकन्सच्या साप्ताहिकासाठी मुदतीत पाठवावी लागत. शार्लट ब्राँटे या घरी तीनदा येऊन राहिल्या. एकदा अनोळखी पाहुणे आले, तेव्हा त्या दिवाणखान्यातल्या पडद्याआड लपल्या होत्या.

12 नोव्हेंबर 1865 रोजी हॅम्पशायरमधल्या हॉलिबोर्न गावी गॅस्केलबाईंचे अचानक निधन झाले. पतीला न कळवता, स्वतःच्या लेखनाच्या कमाईतून त्यांनी तिथे घर घेतले होते. ‘वाइव्हज अँड डॉटर्स’ ही कादंबरी शेवटापाशी येऊन अपुरी राहिली. त्यांचे दफन नट्सफर्डच्या ब्रुक स्ट्रीट चॅपलच्या आवारात झाले. मँचेस्टरच्या घरात मुली राहत होत्या. त्यांपैकी मीटा 1913 मध्ये वारली आणि पुढच्याच वर्षी घरातल्या सामानाचा लिलाव झाला. नंतर घराचे मालक बदलत गेले, 1969 मध्ये ते मँचेस्टर विद्यापीठाने घेतले, आणि एके काळी तर त्याला भडक गुलाबी रंगही दिलेला होता. 2004 मध्ये मँचेस्टर हिस्टॉरिक बिल्डिंग्ज ट्रस्टने ते ताब्यात घेतले. सोसायटीच्या सदस्यांची अनेक वर्षांची तळमळ त्यामागे होती. सुमारे 25 लाख पौंड खर्चून दुरुस्ती झाली आणि 5 ऑक्टोबर 2014 रोजी घर लोकांसाठी खुले झाले. आज स्वयंसेवक ते दाखवतात. तळघरात चहाची खोली आणि जुन्या पुस्तकांचे दुकान आहे.

त्याआधी, जन्मद्विशताब्दीच्या वर्षी, 25 सप्टेंबर 2010 रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतल्या ‘पोएट्स कॉर्नर’मध्ये, म्हणजे साहित्यिकांच्या स्मृती जपणाऱ्या कवींच्या कोपऱ्यात, गॅस्केलबाईंचे नाव काचेच्या खिडकीवर आले. सोसायटीच्या दृष्टीने तो मोठा दिवस होता. 1999 ते 2007 या काळात बीबीसीने त्यांच्या तीन कादंबऱ्यांवर मालिका केल्या, त्यामुळे नवे वाचक आले हेही खरे. पण मालिका पाहून पुस्तकाकडे वळलेल्या माणसाला पुढचे पुस्तक सुचवायला, त्याच्याशी बोलायला कोणीतरी असावे लागते, आणि ते काम सोसायटी आधीपासून करत होती. जपानमध्येही 1988 पासून स्वतंत्र गॅस्केल सोसायटी आहे.

मराठी वाचकाला या लेखिकेकडे जायला एक सरळ वाट आहे आणि ती कापसाची आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे 1861 नंतर तिकडचा कापूस मँचेस्टरभोवतीच्या लँकेशायर परगण्याला मिळेनासा झाला, गिरण्या थंडावल्या आणि कामगार रस्त्यावर आले. गॅस्केलबाई आणि त्यांच्या मुली मदतकार्यात थकून जाईपर्यंत राबल्या. त्याच वर्षांत पश्चिम हिंदुस्थानातला आखूड धाग्याचा कापूस चढ्या भावाने मँचेस्टरला जाऊ लागला, मुंबईत पैशाचा पूर आला, आणि 1865 मध्ये युद्ध संपताच तो ओसरला. पुढे मुंबईतच गिरणगाव उभे राहिले. तिथल्या खात्यांत उडणारी कापसाची तूस ज्यांच्या वाडवडिलांच्या छातीत गेली, त्यांनी ‘नॉर्थ अँड साउथ’मधली बेसी हिगिन्स वाचावी. एकोणीस वर्षांची ही मुलगी त्याच तुसीने फुप्फुसे भरून मरणपंथाला लागली आहे. काही मालक खात्यात हवा खेचणारे मोठे चाक बसवतात, असे ती सांगते, पण त्या चाकाला पाच-सहाशे पौंड पडतात आणि त्यातून नफा होत नाही, म्हणून बाकीचे ते बसवत नाहीत. 1855 मध्ये इतक्या नेमकेपणाने हिशेब मांडणाऱ्या या लेखिकेच्या सोसायटीचे सदस्यत्व कोणत्याही देशातल्या वाचकाला घेता येते.