कापलेल्या आतड्यालाही दिशा माहीत असते

मंडळी, आतड्याचं ऑपरेशन झालेला पेशंट घरात असेल तर हा प्रश्न तुम्ही हमखास ऐकलाय, राउंडला आलेले डॉक्टर सकाळी सकाळी विचारतात, "गॅस पास झाला का?" आणि सगळे कानकोंडे होतात, माझ्या सासूबाई तर तोंडाला पदर लावून गप्प बसायच्या. त्यात लाजण्यासारखं काहीच नाहीये हो. डॉक्टर आतड्यातल्या नसांची खुशाली विचारत असतात. ऑपरेशनने आतडं गप्प होतं, लहान आतडं काही तासांत जागं होतं, मोठ्याला दोन-तीन दिवस लागतात, गॅस सुटला म्हणजे तेही कामाला लागलं.

आतड्याच्या भिंतीत, स्नायूंच्या दोन थरांमधे, मज्जातंतूंचं जाळं असतं, त्यात 10 ते 50 कोटी पेशी धरतात. मेंदूशी त्याचं बोलणं चालू असतं, पण रोजचा कारभार ते स्वतःच बघतं. 1899 मधे लंडनला बेलिस आणि स्टार्लिंग यांनी बेशुद्ध कुत्र्याच्या आतड्याला बाहेरून येणाऱ्या नसा कापल्या आणि आत गोळा सरकवला, तरी गोळ्याच्या वरचा भाग आवळला, खालचा सैल पडला, आणि गोळा पुढे! पुढे 1917 मधे ट्रेंडेलेनबर्ग यांनी गिनीपिगचं आतडं शरीराबाहेर काढून, कोमट द्रावणात ठेवून हेच दाखवलं.

हे मी डोळ्यांनी बघितलंय. इथे ठाण्यात फार्मसीच्या पोरांना प्रॅक्टिकल शिकवायचे तेव्हा आतड्याचा दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा, दोन्ही टोकांना दोरा, 37 डिग्रीचं टायरोड सोल्युशन (म्हणजे क्षारांचं पाणी), खालून हवेचे बुडबुडे, आणि शेजारी काजळी धरलेला कागद गुंडाळलेला ड्रम हळूहळू फिरतोय. असिटिलकोलिनचा (नसा स्नायूंना निरोप द्यायला सोडतात ते रसायन) थेंब पडला की तुकडा आवळायचा, लिव्हर झपकन वर, काजळीवर पांढरी रेघ. पोरं एकदम शांत व्हायची. (आता हे कॉम्प्युटरवर दाखवतात, जनावरं वाचतात, ते चांगलंच झालं.)

पण मला सगळ्यात भारी वाटतो तो अमेरिकेतल्या फ्रँकलिन मॉल यांचा प्रयोग, 1896 च्या सुमाराचा. त्यांनी कुत्र्याच्या आतड्याचा तुकडा कापला, उलटा फिरवला आणि परत शिवला. तुकड्याने नवी दिशा घेतलीच नाही, तो आपल्या जुन्याच दिशेने ढकलत राहिला, म्हणजे वरून येणाऱ्या अन्नाच्या उलट! दिशा त्या भिंतीतच असते. ज्यांचं बरंचसं आतडं काढावं लागलंय अशा काही पेशंटमधे सर्जन मुद्दाम दहा-बारा सेंटिमीटरचा तुकडा उलटा शिवतात, अन्न जरा थांबावं, नीट शोषलं जावं म्हणून.

आणि हे जाळं मुळातच नसेल तर? साधारण 5000 बाळांमागे एकाला हर्शस्प्रंग नावाचा जन्मजात आजार असतो, मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात या पेशी पोचलेल्याच नसतात, तो भाग आवळलेलाच राहतो आणि वरचं आतडं फुगत जातं. म्हणून घरात बाळ जन्मलं आणि पहिल्या 48 तासांत ती काळपट-हिरवी शी झाली नाही तर, हात जोडून सांगते, घुटी-बिटी देत बसू नका, थेट डॉक्टरला दाखवा. हा पेशी नसलेला भाग ऑपरेशनने काढतात, तेव्हा सर्जन उरणाऱ्या आतड्याच्या कडेचा बारीकसा तुकडा पॅथॉलॉजीला पाठवतात आणि ऑपरेशन थांबवून निरोपाची वाट बघतात, आणि "पेशी दिसल्या" असा निरोप आला की मगच टाका घालतात.